वरच्या खोलीचा पंचनामा

रामहरीनं टाकीचं झाकण काढून गच्चीच्या कठड्याला उभं लावलं, त्याला मोबाइल टेकवला आणि इअरफोनची एकच गोळी उजव्या कानात कोंबली. डावा कान जिन्याकडं मोकळा ठेवला. नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळं टाकीजवळ उभं राहायला आयतं निमित्त मिळालं होतं. टाकीत पाणी किती चढलंय हे मात्र त्यानं एकदाही वाकून बघितलं नाही.

पडद्यावर त्याची पोरगी आली. विशाखा. मागं तिच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट, कानात ते लोंबते डूल.

"नमस्कार मंडळी. कसे आहात?"

"बरा हाय," रामहरी म्हणाला.

दर वेळी त्याच्या तोंडातून हे निसटायचंच. तुळशीच्या लग्नापासून ह्या पोरीनं बापाशी एक शब्द टाकला नव्हता, आता होळी तोंडावर आली. आणि इथं ती हसून साऱ्या महाराष्ट्राची ख्यालीखुशाली विचारत होती. माणसानं उत्तर तरी देऊ नये का?

ती बोलत होती एका मालिकेबद्दल. 'वरची खोली रिकामी आहे' असं मालिकेचं नाव. भुताची, पण हसायची. आबा नावाचा एक म्हातारा घरमालक, आणि त्याच्या माडीवरच्या खोलीत मेल्यानंतरही मुक्काम ठोकून बसलेला एक पेटीवाला मास्तर. आबाला हा मास्तर दिसत नाही, ऐकूही येत नाही. ऐकू येतं ते फक्त आबाच्या वहिनीला, कुसुमकाकूला. मग वरचा निरोप खाली आणि खालचा वर न्यायचं काम त्या बाईच्या गळ्यात. ती निरोप नेताना त्यात स्वतःच्या पदरचं इतकं घालते, की शिवी निघालेली असते आणि पोचतो तो जेवायचा आग्रह. लोक हसून हसून बेजार होतात.

विशाखा त्या मालिकेतल्या माणसांची चिरफाड करायची. कोण असं का वागलं, कोण काय बोलता बोलता गिळून बसलं, ते एकेक दृश्य थांबवून दाखवायची. चॅनेलचं नाव 'वरच्या खोलीचा पंचनामा'. हजारो माणसं तो पंचनामा बघायची आणि खाली हमरीतुमरीवर येऊन भांडायची. आबाला ऐकू येतं पण तो सोंग करतो म्हणणाऱ्यांची एक फळी होती, तो खराच बहिरट म्हणणाऱ्यांची दुसरी. लोकांना उद्योग नसतात, असं रामहरीचं पहिल्यांदा मत होतं. आता तो स्वतःच रोज दुपारी गच्चीवर होता.

"आजचा विषय मास्तर," विशाखा सांगत होती. "मास्तर घरभर हिंडून पंखे का बंद करतो? आता काही त्याला वीजबिल यायचं नाही."

रामहरी चपापला. माणसं बसलेल्या खोलीतला पंखा जाता जाता बंद करायची खोड त्याची स्वतःची होती. त्यावरून रत्नमालानं आयुष्यभर त्याचा उद्धार केला होता.

"लोक म्हणतात, चिक्कू आहे. मला नाही वाटत. पंखा बंद झाला की घरातलं कुणीतरी मान वर करून बघतं. कुणी बंद केला, म्हणून विचारतं. मास्तरला तेवढंच हवंय मंडळी. आपण या घरात आहोत, याची कुणीतरी चौकशी करावी."

रामहरीनं बोटानं मागं घेतलं आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं त्याचं. ही पोरगी मास्तरचं नाव घेऊन बापाबद्दलच बोलतेय, याबद्दल त्याला आता तिळमात्र शंका उरली नाही. पण बोलतेय ती बाजू घेऊन की चिमटा काढून, ते काही केल्या कळेना.

एवढ्यात त्याच्या पायांना गार लागलं. टाकी भरून वाहत होती आणि पन्हाळीतून खाली अंगणात धार लागली होती. खालून आवाज आला.

"टाकी वाहायला लागलीय."

त्यानं कठड्यावरून डोकावलं. विशाखा अंगणात उभी होती, आणि हे ती बोलली होती तिच्या स्कूटीला.

"मोटार बंद करायला पायजे," रामहरी टाकीला म्हणाला.

विशाखा आत गेली. मोटार बंद झाली. काम झालं, बोलणं काही झालं नाही.

असं चाललं होतं त्या घरात. रामहरीनं सगळी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. पैठणच्या स्टँडवर माइक धरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्यानं अख्ख्या तालुक्याला सांगितलं, आणि आता स्वतःच्या घरातलं घोडं कुठं पेंड खातंय तेच त्याला कळत नव्हतं.

झालं होतं एवढंच. वैजापूरचं एक स्थळ आलं होतं. कापसाचा व्यापार, घरचं जिनिंग, पोरगा निर्व्यसनी. विशाखा आधी नाही म्हणाली नव्हती. "बघायला येऊ देत, बघते मीपण," असंच म्हणाली होती, तेही हसून. लोक आले, पोहे खाल्ले, गेले. त्याच दिवशी संध्याकाळी पोरीनं आईला सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. रामहरीनं एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. आदळआपट केली नाही, टोमणा मारला नाही, दुसऱ्या दिवशी वैजापूरला फोन लावून गोड बोलून नकार कळवला. एवढं समजूतदार वागणारा बाप दुसरा दाखवा, असं त्याला मनातून वाटलंही होतं. आणि तरी पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

"त्या लोकांना नाय म्हणून कळवलं ना मी? मग आता काय राहिलं?" त्यानं रत्नमालाला कितीदा तरी विचारलं. रत्नमाला आत जायची, बाहेर यायची.

"ती म्हणते, काही नाही."

"काय नाय म्हणजे काय?"

"मला काय माहीत? तुमचं तुम्ही बघा."

तरी रत्नमाला घरात होती तोवर निभत होतं. जेवायला या म्हणावं, लाइटबिल भरलं का विचार, असे निरोप इकडून तिकडं जायचे. पण वैजापुरात रत्नमालाची बहीण न्हाणीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि रत्नमाला पिशवी भरून तिकडं गेली. जाताना एसटीत बसल्या बसल्या खिडकीतून म्हणाली, "हे बघा, विशाखाला मुंबईला नोकरी लागलीय. बुधवारी चाललीय ती."

"नोकरी? कसली?"

"तिलाच विचारा की. मी काय तुमची कुसुमकाकू नाय."

गाडी सुटली. रामहरी फलाटावर उभा राहिला. पोरगी बुधवारी जाणार. मुंबईला गेलेली माणसं सणावाराला दोन दिवस येतात आणि पाहुण्यासारखी बसून जातात. अबोल्यातच गेली तर मग तो अबोला जन्माचा झाला, कारण फोनवर तर माणसाला भिंतीशी किंवा स्कूटीशीही बोलता येत नाही.

सरळ जाऊन विचारायचं का नाही? तर ते जमत नव्हतं. विचारायला गेलं आणि ती पुन्हा "काही नाही" म्हणाली, तर पुढं काय बोलायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. शिवाय काय चुकलं ते माहीत नसताना चुकलं म्हणणं त्याला खोटं वाटत होतं. आधी कारण हाती लागू दे, मग बोलू, असं म्हणत तो तिचे जुनेनवे सगळे पंचनामे बघत सुटला. आणि जितके बघावेत तितका गोंधळ वाढत गेला. एका भागात ती म्हणे, मास्तर हट्टी आहे. दुसऱ्यात म्हणे, मास्तरइतका हळवा माणूस त्या घरात नाही. तिसऱ्यात म्हणे, मास्तर भांडत नाही हीच त्याची चूक. रामहरीनं डोकं धरलं.

शेवटी सोमवारी सकाळी तो सूतगिरणी चौकातल्या टपरीवर गेला. तिथं गयास बसला होता. गयासनं वर्षानुवर्षं पैठणची गाडी चालवली होती, आणि रामहरीनं वर्षानुवर्षं ती सोडली होती. दोघं एकाच साली निवृत्त झाले, आता दोघांची घरं चहाच्या अंतरावर होती.

"गयासभाई, ती भुताची मालिका बघतो का तू?"

"हौ मग. मी आन् बायको सगीरा, दोघं बघतो. त्याच्यानंतर तुझ्या पोरीचं बघतो. लई डोकेबाज पोरगी हय. आमच्या सगीराला मालिका कमी समजती, विशाखानं सांगितल्यावर जास्ती समजती."

रामहरीला हे ऐकून बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. त्यानं चहा बशीत ओतला.

"तो मास्तर तुला कुणासारखा वाटतो?"

गयासनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तूच हय तो. यात विचारायचं काय? पंखे बंद करतो, कुरकुर करतो, सामने येऊन बोलत नाय. माझी ड्यूटी बदलायची तर तू माइकवरून सांगायचा, मी दोन हातांवर उभा असायचो."

"मग ती माझी बाजू घेती का माझ्यावर बोट ठेवती?"

"वो तो मेरेको बी नाय समजलं," गयास म्हणाला. "विचार ना तिला. खाली लिहायला जागा असती."

"माझ्या नावानं कसं लिवू?"

"मग माझ्या नावानं लिही. घे."

असा तो उद्योग झाला. रामहरी सांगत गेला आणि गयास एका बोटानं टाइप करत गेला. हापिसातल्या अर्जाची सवय, त्यामुळं मजकूर उतरला तो असा: मास्तर वाईट माणूस नाही. त्याला बोलता येत नाही म्हणून तो पंखे बंद करतो. तरी त्याला माफ करावे.

दुसरा चहा येईपर्यंत उत्तर आलं. गयासनं ते मोठ्यानं वाचलं.

"गयासचाचा, माफ कशाबद्दल करायचं? मास्तरनं काहीच केलेलं नाही. त्यानं फक्त वाट बघितली. इतक्या लोकांनी कमेंट केल्या, पण त्याची दया आलेले तुम्ही पहिलेच. बरं वाटलं, चाचा."

रामहरीनं मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचलं. मास्तरनं काहीच केलेलं नाही. म्हणजे मिटलं की. पोरीच्या मनात किल्मिष नाही, उगाच आपणच जीव टांगून घेतला होता. चहाचे पैसे त्यानं दिले, गयासला देऊ दिले नाहीत, आणि चौकातून पाव किलो बालूशाही बांधून घेतली. विशाखाला लहानपणापासून बालूशाही आवडायची.

घरी येऊन त्यानं पुडा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि आपण खुर्चीत पेपर उघडून बसला. विशाखा पाणी प्यायला आली. पुडा बघून थबकली. फ्रिज उघडून आत बघत म्हणाली, "हे कुणी आणलं?"

आता इथं एवढंच म्हणायचं होतं की मी आणलं, तुझ्यासाठी. शब्द ओठावर आलेही होते. पण फ्रिजला विचारलेल्या प्रश्नाला माणसानं उत्तर कसं द्यायचं, ह्या पेचात त्यानं पेपरातल्या बाजारभावाकडं बघत म्हटलं, "आणलं असंल कुणीतरी."

विशाखानं फ्रिजचं दार लावलं आणि ती खोलीत निघून गेली. पुडा तसाच राहिला. संध्याकाळी मुंग्या लागल्या तेव्हा रामहरीनं तो उचलून पाण्याच्या ताटलीत ठेवला. चाचाला एवढं गोड लिहिणारी पोरगी घरात अशी का वागते, याचा काही मेळ बसेना. गयासला माफी आणि मला नाही, असं कसं?

मंगळवारी दुपारी तिचा नवा पंचनामा आला. रामहरी जेवण अर्धवट टाकून गच्चीवर पळाला. आज पाण्याचा दिवस नव्हता, निमित्त नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही. वाळत घातलेल्या चादरीच्या सावलीला तो उकिडवा बसला.

"नमस्कार मंडळी. कसे आहात?"

या वेळी त्यानं उत्तर दिलं नाही.

"हा माझा शेवटचा पंचनामा. का ते तुम्हाला कळेलच. आज एकाच दृश्याबद्दल बोलायचंय. मास्तरनं ताटं पाडली, त्या दृश्याबद्दल."

ते दृश्य रामहरीनं पाहिलं होतं. आबा वरची खोली भाड्यानं द्यायला काढतो, एक भाडेकरू बघायला येतो, आणि स्वयंपाकघरातली मांडणी आपोआप आडवी होते. भाडेकरू चपला हातात घेऊन पळतो. त्या चपलांवरून आठवडाभर लोक हसत होते.

"सगळे म्हणताहेत, खोली भाड्यानं द्यायला काढली म्हणून मास्तर चिडला. नीट बघा. हे सकाळचं. मास्तर स्वतः जळमटं काढतोय. पेटीला गवसणी घातलीय. त्याला भाडेकरू चालणार होता मंडळी. कोण येतोय बघू तरी, म्हणून तो जिन्याच्या तोंडाशी येऊन उभापण राहिलाय. आता पुढं. पाहुणा विचारतो, वर कोण असतं? आणि आबा काय म्हणतो, ऐका."

पडद्यावर आबानं हात झटकला. "कोण असणार? कोणी नाही. रिकामीच आहे." मागून हशा आला.

विशाखानं चित्र थांबवलं.

"इथं. ताटं इथं पडली. खोलीचं काहीच नव्हतं. इतकी वर्षं तो तिथं रोज पेटी वाजवतोय, आणि घरचा माणूस परक्याला सांगतो, कोणी नाही. तेही हसून. आता तुमचा नेहमीचा प्रश्न. आबा सोंग करतो का? मला वाटतं, नाही. आबा दुष्ट नाही. त्याला खरंच ऐकू येत नाही. त्याला अजूनही वाटतंय, भांडण खोलीवरून आहे. तो बिचारा कुसुमकाकूला विचारत फिरतोय, त्या भाडेकरूला नाही म्हणून कळवलं ना मी, मग आता काय राहिलं?"

रामहरीच्या हातातला मोबाइल खाली आला. हे वाक्य मालिकेतलं नव्हतं. मालिका त्यानं एकही भाग न चुकवता बघितली होती. हे वाक्य त्याचं होतं, त्याच्या स्वयंपाकघरातलं.

मग त्याला ती दुपार दिसली. बैठकीत वैजापूरचे पाहुणे, मुलाच्या मामाच्या हातात पोह्याची बशी. मामानं विचारलं होतं, "पोरगी काय करती?" आणि रामहरी हसला होता. मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं असतं म्हणून हसला होता. जुन्या वळणाचे लोक दिसताहेत, मोबाइलवर बोलते म्हटलं तर भलतंच समजतील, असंही मनात आलं होतं. खरं सांगायचं तर पोरगी मोबाइलवर काय बोलते हे तोवर त्यानं एकदाही बघितलेलं नव्हतं. तो म्हणाला होता, "काय नाय. घरीच असती." आणि विशाखा चहाचा ट्रे धरून दारात उभी होती.

तिनं ताटं पाडली नव्हती. सगळ्यांना नीट चहा दिला होता. त्यालाही.

म्हणजे आपण मास्तर नव्हतोच. इतके दिवस आपण ज्याची कीव करत होतो, ज्याच्यासाठी अर्ज लिहून माफी मागत होतो, ती पोरगी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रामहरीला इतकी लाज वाटली की चादरीआड कुणी नसतानाही त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग त्याला रडू आलं, थोडंसंच, आणि ते त्यानं चादरीच्या ओल्या टोकाला पुसलं.

तो खाली आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विशाखाच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर कपड्यांच्या घड्या, खुर्चीवर अर्धी भरलेली बॅग. ती पाठमोरी उभी राहून पुस्तकं निवडत होती. रामहरी उंबऱ्यापाशी थांबला. बोलायला आजूबाजूला ना टाकी होती, ना पेपर.

"विशाखा."

तिचा हात कपाटातच राहिला. ती वळली नाही.

"एक विचारायचं होतं," रामहरी म्हणाला. "त्या आबाला कधी कळंल?"

आता ती वळली.

"तुम्ही बघता?"

"व्हय. गच्चीवर. टाकीपाशी."

"कधीपासून?"

"थंडीपासून. आधीचे बी बघितले सगळे. काही काही दोनदा."

विशाखानं हातातलं पुस्तक पलंगावर ठेवलं. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग हळूहळू गेली.

"तरीच ते 'माफ करावे'. गयासचाचा कधी असं लिहीत नाहीत."

"टाइप त्यानंच केलं," रामहरी म्हणाला. "मला वाटलं, मास्तर म्हणजे मी."

खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, तिकडं ती बघत राहिली. रामहरीला वाटलं, आता ती "काही नाही" म्हणेल आणि सगळं संपेल. घाईघाईनं तो म्हणाला, "माझं चुकलं गं. पाहुण्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं. मला तवा माहीत नव्हतं, तू काय करती. आता माहीत झालं."

विशाखानं खाली बघितलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सांग की," तो म्हणाला. "आबाला कधी कळंल?"

"अजून ठरलं नाही."

"कोण ठरवतं ते?"

"मालिका लिहिणारे."

"मग त्यांना कळव तुझं म्हणणं. तुझं ऐकतील ते."

"ऐकलं," विशाखा म्हणाली. "म्हणूनच बोलावलंय. परवापासून मी त्यांच्यातच बसणार आहे. लिहायला."

रामहरीनं चौकटीला हात लावला. बँक असेल, कॉल सेंटर असेल, असं काहीबाही तो धरून चालला होता. आपण उन्हातान्हात गच्चीवर बसून जी मालिका बघतो, ती ही पोरगी लिहिणार, हे डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला.

"म्हणजे तूच ठरवणार."

"सगळं नाही. एकेकाकडं एकेक पात्र असतं. माझ्याकडं आबा दिलाय."

स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाल्याचा आवाज आला आणि दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

"मग त्याला लवकर कळू दे," रामहरी म्हणाला.

"एवढ्यात कळलं तर मालिका संपेल, अण्णा."

"संपू दे."

विशाखानं खुर्चीवरची बॅग उचलून खाली ठेवली आणि रिकामी खुर्ची त्याच्याकडं सरकवली.